पदार्पणातच अजिंक्यपद: श्रेय लीगचे की क्लबाचे?

२५ सप्टेंबर २०२२ रोजी ऑस्ट्रियातील क्लागेनफुर्ट येथील व्योर्थरझे स्टेडियमवर व्हिएन्ना व्हायकिंग्जने हॅम्बुर्ग सी डेव्हिल्सचा २७-१५ असा पराभव करून युरोपियन लीग ऑफ फुटबॉल या अमेरिकन फुटबॉलच्या स्पर्धेचे अजिंक्यपद पटकावले. लीगचा तो दुसरा हंगाम होता आणि व्हायकिंग्जचा पहिला. हॅम्बुर्गला मात्र सलग दुसऱ्या वर्षी अंतिम सामन्यात हार पत्करावी लागली. आदल्या वर्षी ड्यूसेलडॉर्फमध्ये फ्रँकफर्ट गॅलॅक्सीने त्यांना अवघ्या दोन गुणांनी, ३२-३० असे नमवले होते. नवा संघ आला, पहिल्याच झटक्यात करंडक घेऊन गेला आणि अनुभवी संघ पुन्हा हात चोळत बसला, अशी कथा लगोलग तयार झाली. क्रीडावार्तेला अशी कथा सोयीची असते आणि लीगच्या जाहिरातीला तर ती हवीच असते, कारण या स्पर्धेत कोणीही येऊन जिंकू शकतो असा संदेश तिच्यातून आपोआप जातो. हा संदेश चुकीचा आहे, आणि त्यावर विश्वास ठेवून घेतलेले निर्णय युरोपातील या खेळाला महागात पडत आले आहेत, असे माझे मत आहे.

व्हायकिंग्ज हे लीगमध्ये नवखे होते, खेळात नव्हते. या क्लबाची स्थापना १९८३ ची, म्हणजे पदार्पणाच्या वेळी त्याचे वय ३९ वर्षे होते. २००४ ते २००७ अशी सलग चार वर्षे त्याने युरोबोल, म्हणजे युरोपातील क्लबांची तेव्हाची सर्वोच्च स्पर्धा, जिंकली होती. मुख्य प्रशिक्षक ख्रिस कॅलेके हे अमेरिकन असले तरी व्हिएन्नात अनेक वर्षे मुरलेले होते. हंगामापुरते आणलेले नव्हते. लहान मुलांच्या संघांपासून वरिष्ठ संघापर्यंतची साखळी क्लबाने स्वतः उभी केली होती. त्याच वर्षी इन्सब्रुकचा रेडर्स टिरोल हा दुसरा जुना ऑस्ट्रियन क्लब लीगमध्ये दाखल झाला आणि त्यानेही पहिल्याच वर्षी उपांत्य फेरी गाठली. दोन्ही ऑस्ट्रियन नवागत पहिल्या चारांत येतात तेव्हा त्याला योगायोग म्हणता येत नाही. त्याच हंगामात आलेला इस्तंबूल रॅम्स हा संघ एका वर्षातच लीगबाहेर पडला. पदार्पण तिघांचेही होते. फरक पाठीशी काय होते, याचा होता.

हा फरक मैदानावर नेमका कसा उतरतो हे समजण्यासाठी खेळाच्या रचनेकडे पाहावे लागते. अमेरिकन फुटबॉलमध्ये एका वेळी एका बाजूचे अकरा खेळाडू मैदानात असतात. परंतु आक्रमणाचे अकरा वेगळे, बचावाचे अकरा वेगळे, आणि लाथेने चेंडू मारण्याच्या प्रसंगांसाठी आणखी वेगळी जुळणी असते. त्यामुळे पन्नासएक तयार माणसे असल्याखेरीज संघ धड उभा राहत नाही. युरोपियन लीगने सुरुवातीच्या हंगामांत असा नियम ठेवला होता की अमेरिकी खेळाडू एका संघात चारच असावेत आणि त्यांपैकी एका वेळी दोघेच मैदानात उतरावेत. दोघांपैकी एक जण बहुधा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमण चालवणारा आणि चेंडू फेकणारा खेळाडू, असतो. व्हायकिंग्जकडे २०२२ मध्ये जॅक्सन एर्डमन हा क्वार्टरबॅक होता. अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलच्या तिसऱ्या श्रेणीतील सर्वोत्कृष्ट खेळाडूला मिळणारा गॅग्लियार्डी करंडक त्याने २०१८ मध्ये मिळवला होता. खेळाडू चांगलाच, यात शंका नाही; परंतु अशा दर्जाचा एखादा क्वार्टरबॅक लीगमधील इतर संघही पैसे मोजून आणू शकत होते, आणि आणतही होते.

उरलेले नऊ जण मात्र विमानाने आणता येत नाहीत. त्यांतही आक्रमक फळीतील पाच जणांकडे पाहावे. मधला खेळाडू, ज्याला सेंटर म्हणतात, कमरेत वाकून एका हाताने चेंडू जमिनीवर धरून उभा असतो. त्याच्या डोक्यापासून हातभर अंतरावर सव्वाशे किलोचा प्रतिस्पर्धी अंगावर येण्याच्या तयारीत असतो. सेंटरने तो चेंडू आपल्या दोन पायांमधून चार-पाच यार्ड मागे उभ्या असलेल्या क्वार्टरबॅककडे अचूक द्यायचा आणि हात मोकळा होतो न होतो तोच समोरच्याला अंगावर घ्यायचे. शेजारच्या चौघांनी समोरची बचाव फळी कशी उभी आहे ते पाहून, कोणी कोणाला अडवायचे हे दोन-तीन शब्दांत आणि हातांच्या खुणांनी ठरवलेले असते. पाचांपैकी एकाचा अंदाज चुकला तरी क्वार्टरबॅक जमिनीवर लोळतो, मग तो कुठल्याही महाविद्यालयातून आलेला असो. या पाचांना सहसा चेंडू झेलताही येत नाही, नियमच तसा आहे. त्यांची नावे प्रेक्षकांना ठाऊक नसतात आणि जाहिरातीच्या फलकांवर त्यांचे चेहरे लागत नाहीत. हे काम शिकायला वर्षानुवर्षे लागतात, आणि युरोपात ते शिकवले जाते ते सायंकाळी, दिवसाची नोकरी किंवा शिक्षण उरकून आलेल्या मुलांना, क्लबाच्या मैदानावर. अमेरिकी खेळाडूंच्या संख्येवरील मर्यादा ही कागदोपत्री स्थानिकांच्या संरक्षणाची तरतूद आहे. प्रत्यक्षात तिच्यामुळे स्पर्धेचा निकाल ठरतो तो कोणाचे स्थानिक खेळाडू अधिक मुरलेले आहेत यावर. व्हिएन्नाने अजिंक्यपद जिंकले ते या जागी.

मग लीगच्या पहिल्या वर्षीचे विजेते, फ्रँकफर्ट गॅलॅक्सी, हे काय होते, असा प्रश्न कोणी विचारील. तो संघ तर कागदावर अगदी कोरा होता. परंतु तिथेही मुख्य प्रशिक्षक थॉमस क्योस्लिंग हे फ्रँकफर्ट युनिव्हर्स या स्थानिक क्लबात काम केलेले होते, आणि खेळाडूंचा मोठा गटही तिथलाच होता. नाव तेवढे जुन्या एनएफएल युरोपच्या काळातले घेतले होते, म्हणजे एनएफएल या अमेरिकेतील व्यावसायिक लीगने पूर्वी युरोपात चालवलेल्या स्पर्धेतले, तेही एनएफएलच्या परवानगीने. स्टुटगार्ट सर्जचे उदाहरण तर याहून बोलके आहे. २०२२ मध्ये या संघाने बाराच्या बारा सामने गमावले आणि पुढच्याच वर्षी तो अंतिम फेरीत पोहोचला. वर्षभरात असा कोणता चमत्कार घडला? श्वेबिश हाल या जेमतेम ४० हजार वस्तीच्या गावातील युनिकॉर्न्स हा क्लब २०२२ चा जर्मन विजेता होता. त्याचे प्रशिक्षक जॉर्डन न्यूमन स्टुटगार्टला आले आणि त्यांच्यामागोमाग क्वार्टरबॅकसह अनेक खेळाडूही आले. २०२३ मध्ये एकही सामना न हरता अजिंक्यपद मिळवणाऱ्या राइन फायरचा क्वार्टरबॅक जेड्रियन क्लार्क हाही त्याच गावात खेळून पुढे आलेला. लीगच्या यशाच्या बहुतेक कथा थोडे खणले की कुठल्या तरी जुन्या क्लबाच्या अंगणात जाऊन पोहोचतात.

आपल्याकडील वाचकाला यात नवे काही वाटू नये. कोल्हापुरातील फुटबॉल संघांची नावे आजही तालमींवरून आहेत. पाटाकडील, दिलबहार यांसारख्या तालीम मंडळांच्या संघांमागे पेठेची पिढ्यान्‌पिढ्यांची जी गुंतवणूक आहे ती एखाद्या कंपनीला लिलावात विकत घेता येणारी नाही. जर्मनी-ऑस्ट्रियातील क्रीडामंडळांचे स्वरूप पुष्कळसे याच जातीचे आहे. सभासदांची वर्गणी, पालकांचे श्रम, विनामोबदला शिकवणारे जुने खेळाडू आणि महापालिकेचे मैदान यांवर ती चालतात.

याउलट जे पदार्पणातले अजिंक्यपद खरोखरच कोऱ्या पाटीवर लिहिले गेले, त्याचे पुढे काय झाले हेही पाहण्यासारखे आहे. १९९१ मध्ये एनएफएलच्या पाठिंब्याने वर्ल्ड लीग ऑफ अमेरिकन फुटबॉल सुरू झाली. दहा संघांपैकी लंडन, बार्सिलोना आणि फ्रँकफर्ट हे तीन युरोपात होते. लंडन मोनार्क्सने साखळीतील दहापैकी नऊ सामने जिंकले, आणि ९ जून १९९१ रोजी वेम्बली स्टेडियमवर ६१ हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर बार्सिलोना ड्रॅगन्सला २१-० असे हरवून पहिला वर्ल्ड बोल, म्हणजे त्या लीगचा अंतिम सामना, जिंकला. त्या संघातील खेळाडू लीगनेच अमेरिकेत निवडून संघांना वाटून दिले होते; युरोपीय खेळाडू प्रत्येक संघात नावापुरते, त्यातही बरेचसे लाथ मारण्याच्या कामापुरते. लंडनकरांनी संघाला डोक्यावर घेतले; पण त्या संघाचे शहरात मूळ असे काही नव्हते. दुसऱ्याच हंगामात हा विजेता संघ जेमतेम दोन सामने जिंकू शकला. त्यानंतर दोन वर्षे लीगच बंद राहिली, १९९५ मध्ये ती केवळ युरोपपुरती पुन्हा सुरू झाली, आणि १९९८ नंतर मोनार्क्स हे नाव संपले. एनएफएल युरोप या नावाने चाललेल्या त्या लीगचा शेवटचा अंतिम सामना २३ जून २००७ रोजी फ्रँकफर्टमध्ये झाला. जवळपास ४८ हजार प्रेक्षक हजर होते आणि हॅम्बुर्ग सी डेव्हिल्स याच नावाचा तेव्हाचा संघ जिंकला. त्यानंतर सहाव्या दिवशी, २९ जूनला, एनएफएलने ती लीग गुंडाळली. स्टेडियम भरलेले होते, अजिंक्यपद ताजे होते आणि मालकाच्या हिशेबात तोटा होता. निर्णय हिशेबावर झाला. त्या दिवशी व्हिएन्नात, इन्सब्रुकमध्ये आणि श्वेबिश हालमध्ये सराव ठरल्याप्रमाणे चालू असणार, कारण त्यांचे अस्तित्व न्यूयॉर्कमधल्या ताळेबंदावर अवलंबून नव्हते.

एनएफएल युरोपचे समर्थक कर्ट वॉर्नरचे नाव घेतात. १९९८ मध्ये ॲमस्टरडॅम ॲडमिरल्सकडून खेळलेला हा क्वार्टरबॅक पुढे एनएफएलच्या अंतिम सामन्याचा, म्हणजे सुपर बोलचा, सर्वोत्तम खेळाडू ठरला. उदाहरण खरे आहे, पण ते सिद्ध काय करते? अमेरिकी खेळाडू तयार करण्यासाठी ती लीग उपयोगी होती, एवढेच. ॲमस्टरडॅममध्ये त्यामुळे किती मुले हा खेळ शिकली, याचे उत्तर त्या उदाहरणात नाही.

वॉर्नर यांच्या नावाचा एक धागा पुण्याशीही येऊन मिळतो. २०११ मध्ये घोषित झालेल्या एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया या उपक्रमाच्या अमेरिकी पाठीराख्यांत त्यांचे नाव होते. भारत आणि श्रीलंका मिळून आठ संघ कागदावर उभे राहिले. रग्बी, कबड्डी आणि ॲथलेटिक्समधून खेळाडू गोळा केले गेले, त्यांना हेल्मेट आणि खांद्यांचे पॅड चढवले गेले, आणि २०१२ च्या पहिल्या हंगामाचे विजेतेपद पुणे मराठाज या संघाने मिळवले. पुण्यात आज हे किती जणांच्या लक्षात आहे? ज्यांनी घाम गाळला त्या खेळाडूंचा यात काडीचाही दोष नाही. त्यांना कोणी शाळेत हा खेळ शिकवला नव्हता, त्यांच्या मागे कोणता क्लब नव्हता आणि सामना बघायला येणारा शेजार नव्हता. दूरचित्रवाणीसाठी तयार केलेल्या मालिकेसारखी ती स्पर्धा होती, आणि तिचे पुढचे भाग निघाले नाहीत. नाव ‘मराठा’ असले म्हणून संघ पुण्याचा होत नाही. पहिल्या हंगामाचे विजेतेपद असूनही तो संघ शहराच्या आठवणीतून गेला, तर दुसऱ्या हंगामात आलेला व्हिएन्नाचा संघ २०२४ आणि २०२५ मध्येही अंतिम फेरीत होता.

२०२२ या वर्षी भारतातही पदार्पणातले एक अजिंक्यपद गाजले. गुजरात टायटन्सने आयपीएलच्या आपल्या पहिल्याच हंगामात, २९ मे रोजी अहमदाबादेत, राजस्थान रॉयल्सला हरवून करंडक जिंकला. तो संघ खरोखरच शून्यातून बांधला होता, तरी जिंकला. मग माझ्या म्हणण्याला छेद जातो का? जात नाही. आयपीएलमधील प्रत्येक संघ एकाच सामायिक साठ्यातून खेळाडू उचलतो, आणि तो साठा रणजी स्पर्धेने, जिमखान्यांनी, शालेय क्रिकेटने आणि राज्य संघटनांनी शतकभर भरत आणलेला आहे. त्या साठ्यावर उद्या कोणीही संघ बांधावा आणि जिंकावे. युरोपात अमेरिकन फुटबॉलचा असा सामायिक साठा नाही. जो आहे तो पाचपन्नास क्लबांत विखुरलेला आहे आणि एका क्लबातून उचलला की त्या क्लबाचा हौद रिकामा होतो. जर्मनीतील जुन्या स्थानिक लीगने युरोपियन लीगवर राग धरला तो याच कारणाने, आणि त्या रागात मत्सर असेलही, पण गणितही होते.

आता दुसऱ्या बाजूचे म्हणणे प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. युरोपियन लीग नसती तर व्हायकिंग्ज ऑस्ट्रियाच्या देशांतर्गत स्पर्धेत त्याच त्या चार-पाच प्रतिस्पर्ध्यांशी खेळत राहिले असते. अंतिम सामन्याला बारा हजारांच्या आसपास प्रेक्षक आले, अनेक देशांत सामना पडद्यावर दिसला, स्थानिक खेळाडूंना थोडेफार का होईना मानधन मिळू लागले. हे क्लबांच्या जुन्या व्यवस्थेने चाळीस वर्षांत साधले नव्हते. जुन्या महासंघांमधली आपसांतली भांडणे आणि कारभारातली सुस्ती यांविषयी तर न बोललेले बरे. त्यातच १३ नोव्हेंबर २०२२ रोजी, म्हणजे क्लागेनफुर्टच्या सामन्यानंतर दोन महिन्यांच्या आत, एनएफएलने म्युनिकमध्ये आपला पहिला साखळी सामना भरवला आणि जवळपास ७० हजारांनी तो भरगच्च केला. या खेळाला जर्मनभाषक देशांत प्रेक्षक आहे, हे त्या दिवशी कोणालाही पटले असते. तो प्रेक्षक स्थानिक संघांकडे वळवायचा तर एखादी चकचकीत, एकसंध, दूरचित्रवाणीस योग्य अशी स्पर्धा लागणारच. हे मला मान्य आहे.

परंतु लीगने मिळालेल्या संधीचे काय केले? २०२१ मध्ये आठ, २०२२ मध्ये बारा आणि २०२३ मध्ये सतरा अशी संघांची संख्या वाढत गेली. दोन वर्षांत दुपटीहून अधिक. प्रत्येक नवा संघ म्हणजे नवे परवानाशुल्क आणि नकाशावर एक नवे शहर. पदार्पणातच जिंकता येते ही व्हिएन्नाची कथा अशा विस्ताराला अनुकूलच होती. नव्या गुंतवणूकदाराला ती दाखवताना त्यामागची ३९ वर्षे कोणी आवर्जून सांगितली असतील असे वाटत नाही. सुरुवातीच्या आठ संघांपैकी लाइपझिग किंग्ज २०२३ च्या हंगामाच्या मध्यावरच, जुलैमध्ये, आर्थिक कारणाने बंद पडले आणि उरलेले वेळापत्रक विस्कटले. पुढे बार्सिलोना आणि मिलान येथील संघही लीगमधून गेले. २०२५ च्या उन्हाळ्यात अनेक क्लबांनी एकत्र येऊन युरोपियन फुटबॉल अलायन्स स्थापन केली आणि लीगच्या कारभाराबद्दल, आर्थिक पारदर्शकतेबद्दल उघड प्रश्न विचारले. त्यांत व्हायकिंग्ज होते. पाच हंगामांनंतर लीगपुढे अस्तित्वाचा प्रश्न उभा राहिला, आणि तो उभा करणारे क्लब मात्र आपण कुठे आणि कोणाबरोबर खेळायचे याची चर्चा करत होते. ज्या नात्यात एक बाजू नसली तरी दुसरी चालू राहू शकते, तिथे खरी मत्ता कोणाकडे आहे हे सांगायला नको.

म्हणून युरोपात यापुढे जी काही स्पर्धा उभी राहील, तिने परवाना देताना विचारायचे प्रश्न बदलले पाहिजेत. स्टेडियम किती आसनांचे आहे आणि पहिल्या वर्षाच्या खर्चाची बँकहमी आहे का, हे विचारले जाते, विचारायला हवेच. त्याआधी विचारावे ते असे: तुमच्याकडे सोळा आणि एकोणीस वर्षांखालील संघ किती वर्षांपासून आहेत, आक्रमक फळीला शिकवणारा तुमचा स्वतःचा प्रशिक्षक कोण, आणि दुसऱ्या क्लबातून खेळाडू घेतलात तर त्याला घडवणाऱ्या क्लबाला तुम्ही काय देणार? युरोपीय सॉकरमध्ये खेळाडू घडवल्याची भरपाई मूळ क्लबाला मिळण्याची पद्धत जुनी आणि रुळलेली आहे. श्वेबिश हालसारख्या गावाचा क्लब ज्यांच्यामुळे जर्मन विजेता झाला ती माणसे मोठ्या शहरात गेली, हे कोणी थांबवू नये आणि थांबवणे योग्यही नाही; पण त्यापोटी गावाच्या मैदानावर पुढचे पाच सेंटर शिकवण्याइतके पैसे तरी परत यावेत. तसेच संघाचे नाव, चिन्ह आणि सभासदांची यादी ही क्लबाच्याच मालकीची राहावी, लीगच्या किंवा अमेरिकेतल्या एखाद्या कचेरीच्या नव्हे, अशी अट करारात स्पष्ट शब्दांत असावी. व्हायकिंग्ज हे नाव व्हिएन्नाच्या क्लबाचे स्वतःचे असल्यामुळेच लीगशी मतभेद झाल्यावर तो ताठ मानेने बोलू शकला. गॅलॅक्सी किंवा सी डेव्हिल्स या नावांखाली खेळणाऱ्यांना ती मोकळीक तितकीशी नव्हती.